बाळकुमची खाडी आणि माझे शंभर पक्षी

१६ नोव्हेंबर १९९६, शनिवार

शुगर निघाली.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, दिवसभरात किती चालता? मी म्हटलं, घर ते बसस्टॉप, बसस्टॉप ते कंपनी. ते म्हणाले, आणि कंपनीत? मी म्हटलं, कंपनीत मी हेडक्लार्क आहे, माणसं माझ्याकडे चालत येतात. त्यांना हसू आलं नाही. रोज सकाळी पाऊण तास चालायचं म्हणाले. सक्तीने.

नुसतं चालणं मला जमणार नाही. आमच्या वर्तकनगरच्या मैदानाला सकाळी गोल गोल फिरणारी माणसं बघितली की घाण्याचा बैल आठवतो. भगवान शेजवळला काहीतरी उद्दिष्ट लागतं.

निर्णय घेतला आहे. पक्षीनिरीक्षण. बाळकुमला खाडीच्या कडेला पुष्कळ पक्षी येतात असं ऐकून आहे. चालणंही होईल, ज्ञानही वाढेल. ३१ मार्चपर्यंत शंभर जाती. मग त्यावर एक छोटं पुस्तक, ठाणेकरांसाठी. कंपनीतल्या एकाकडून पक्ष्यांचं पुस्तक आणि दुर्बीण मागून आणली आहे. डावी काच धूसर आहे, पण मी उजव्या डोळ्याचाच माणूस आहे.

नीलाला सांगितलं. ती शाळेच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, आधी उठा तर.

१७ नोव्हेंबर, रविवार

उठलो. सव्वाआठ. पक्षी पहाटे दिसतात असं पुस्तकात दिलंय, त्यामुळे आता जाण्यात अर्थ नव्हता. बाल्कनीतून सुरुवात केली. कावळा, कबुतर, चिमणी. पहिल्याच दिवशी तीन, तेही घरबसल्या. या वेगाने शंभर व्हायला चौतीस दिवस लागतात. ३१ मार्च उगाच धरला. नाताळपर्यंत आटपेल.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सोमवार.

१९ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ६.४०

गेलो! चालतच जाणार होतो, पण तिथे पोचून चालायचं तर अंगात ताकद शिल्लक हवी, म्हणून माजिवड्यावरून रिक्षा केली.

बाळकुम गाव संपलं की कोळीवाडा, आणि कोळीवाड्यामागे जुन्या मिठागराचा मातीचा बांध. बांधाच्या एका अंगाला खाडी आणि तिवरांची झाडी. दुसऱ्या अंगाला नुसता चिखल, दोन-तीन मैदानं मावतील एवढा. बांध एका ठिकाणी फुटलेला आहे, तिथून भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला परत जातं. बाकी काही नाही. बाक नाही, पाटी नाही, चहाची टपरी नाही. एवढी चांगली जागा नुसती पडून आहे. शासन काय करतं कळत नाही.

बांधावर दहा मिनिटं चाललो. निसरडं आहे. परत रिक्षा. एकूण पाऊण तास झाला (रिक्षा धरून).

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दुर्मीळ पक्षी!! मोठा, राखाडी, पाठीला बाक, मान थेट चिखलात. दुर्बिणीतून वीस मिनिटं पाहत होतो. मी हललो नाही, तोही फारसा हलला नाही. पुस्तकात या आकाराचं काहीच नाही. बहुतेक सायबेरियाहून आला असावा. रंग, वेळ, वाऱ्याची दिशा सगळं टिपून घेतलं.

मग तो सरळ उभा राहिला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, काय बघताव? कोन हरवलाय काय?"

बाई होती. राखाडी लुगडं.

डावी काच बदलून घ्यायला हवी.

भागीरथीबाई नाव. साठीची असेल. तिथल्याच कोळीवाड्यातली. नवरा दामाजी होडीवर असायचा, तो गेला, मुलं नाहीत. ओहोटीला या चिखलात उतरते आणि बिळात हात घालून निवट्या काढते. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा. शिवाय चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. त्या माजिवड्याच्या बाजारात विकते. तिची सासू हेच करायची, सासूची सासूही हेच. मी पक्षी बघायला येतो असं सांगितलं. तिने जरा विचार केला आणि विचारलं, "बघून मग काय करताव?"

यादी करतो म्हटलं. वहीही दाखवली. वही बघून तिचा मी मास्तर आहे हा समज पक्का झाला. मी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. एका अर्थी खरंच आहे ते.

२४ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.१५

बांधावरच बसून लिहितोय.

फ्लेमिंगो. चाळीस-पन्नास तरी. पांढरं-काळं अंग आणि लांबच्या लांब लाल पाय. चिखलात शिस्तीत चालत होते. एवढा मोठा शोध आणि साक्षीला मी एकटा. भागीरथीबाई होती, पण ती खाली वाकून कामात.

नऊ वाजेपर्यंत तिन्ही मजल्यांवर सांगून झालं. सोसायटीच्या नोटीस बोर्डवर कागद लावला : ‘येत्या रविवारी श्री. भ. धों. शेजवळ यांच्या मार्गदर्शनाखाली फ्लेमिंगो दर्शन. टोपी आणावी.’ नीलाने तो वाचला आणि विचारलं, पुस्तकात बघितलंत ना नीट? मी म्हटलं, काही गोष्टी पुस्तकाबाहेर कळतात.

१ डिसेंबर, रविवार

एकोणीस जण आले. सेक्रेटरी साहेब सहकुटुंब, थर्मास घेऊन. सात वाजता बांधावर पोचलो.

पाणी. काठोकाठ. चिखलाचा ठिपका नाही, पक्ष्याचं पीस नाही. जिथे गेल्या रविवारी पक्षी चालत होते तिथे कमरेइतकं पाणी डुलत होतं. सेक्रेटरींनी विचारलं, शेजवळ, बुडाले काय?

भागीरथीबाई टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती. तिला विचारावं लागलं. सगळ्यांसमोर म्हणाली, अष्टमी जवळ आली की सकाळचं पाणी भरतीचं, हे उतरायला दहा वाजतील. पुनवेला नाहीतर अवसेला या, तेव्हा सकाळी ओहोटी. मी म्हटलं, बरोबर, तेच मी यांना सांगत होतो. मग सेक्रेटरींच्या मिसेसनी तिला फ्लेमिंगोबद्दल विचारलं. लाल लांब पायांचे. ती म्हणाली, "ते होय? ते आपले रोजचं हान. बगल्याएवरं बी नाय."

शेकाट्या. पान बेचाळीसवर आहे. पुस्तकात ‘सर्वत्र आढळणारा’ असं लिहिलंय. पान बेचाळीस आणि त्रेचाळीस चिकटलेली होती, हा छापखान्याचा दोष.

लोकांनी चहा पिऊन घेतला. चालणं मात्र प्रत्येकाचं झालं, हे कोणी बोललं नाही.

२ डिसेंबर, सोमवार

जिन्यात तिसऱ्या मजल्यावरची मुलं एका पायावर उभी राहिली होती. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

दरवर्षीप्रमाणे चैत्यभूमीला. सहा तास रांगेत, बरोबर नीलाच्या शाळेतल्या केशरबाई होत्या, सत्तरीच्या. एकदाही बसल्या नाहीत. मी दोनदा बसलो. घरी येताना ठरवलं, उद्यापासून कारणं बंद.

८ डिसेंबर, रविवार

अमावास्या जवळ आली म्हणून गेलो. पहाटे सहा. भागीरथीबाई होतीच. म्हणाली, आज बोलू नका, नुसते बसा. बांधावर बसलो.

उजाडलं तसा चिखल वर यायला लागला. आधी नुसता चकाकत होता. मग त्याच्यावर काहीतरी हलतंय असं वाटलं. दुर्बीण लावली, काढली, परत लावली. चिखलभर बारके पक्षी होते. चिखलाच्याच रंगाचे, म्हणून दिसत नव्हते. हजार? दोन हजार? मध्येच कशाने तरी सगळे एकदम उठले आणि वळले. वळताना सगळ्यांची पोटं पांढरी चमकली, परत वळले तर काळे. आवाज फक्त पंखांचा. मग जिथून उठले तिथेच बसले.

भागीरथीबाई म्हणाली, ही लांबून येतान. थंडी सरली की जातान. आमच्या सासूच्या सासूनं पन हीच बघलीत. मी विचारलं, हीच कशी? तिला प्रश्न कळला नाही.

यादीत आज काही लिहिलं नाही. का ते सांगता येत नाही.

परत येताना बांधावरून घसरलो. उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. काढायला गेलो तर डावाही गेला. ओरडलो नाही, हाक मारली. तिने येऊन टोपली आडवी टाकली, तिच्यावर पोट टेकायला लावलं आणि काखेत हात घालून मला ओढून काढलं. उजवा बूट आत राहिला. तिने खांद्यापर्यंत हात घालून शोधला, मिळाला नाही. उलट चिंबोरी मिळाली. ती तिने मला दिली. घरी न्या म्हणाली, मास्तरीणबाईला आवडंल.

नीलाने एक बूट बघितला, चिंबोरी बघितली, आणि कालवण छान केलं.

९ डिसेंबर, सोमवार

विचार केला. दोष माझा नाही, व्यवस्थेचा आहे. नागरिकांना पक्षी बघता यावेत यासाठी कोरडी, सपाट, सुरक्षित वाट नको? महापालिकेला पत्र लिहिलं. साडेतीन पानं. वाट, बाक, पाटी, कठडा. मथळा : ‘बाळकुम येथे पक्षी उद्यान व्हावे’. कंपनीत टाइप करून घेतलं. सगळ्यांना भाषा आवडली.

तोपर्यंत जाणं बंद. बूट नाहीत.

२९ डिसेंबर, रविवार

उत्तर आलं! तेही पायी चालत घरी आलं!

संध्याकाळी बेल वाजली. पांढरा सफारी, चांदीची साखळी. महिपतशेठ. बांधकामाची मोठमोठी कामं घेतात. म्हणाले, साहेब, तुमचं पत्र वाचलं. रडू आलं. मी विचारलं, पत्र महापालिकेला लिहिलं होतं, तुमच्याकडे कसं? ते म्हणाले, चांगली वस्तू फिरत फिरत योग्य हातात येतेच.

त्यांना निसर्गाची फार आवड आहे. लहानपणी गलोलीने पुष्कळ पक्षी पाडल्याचं सांगत होते. वाट ते करून देणार. मात्र एकट्या माणसाचं पत्र हलकं पडतं, सह्यांचा अर्ज हवा. आणि संस्था हवी. तिथल्या तिथे ‘बाळकुम पक्षीमित्र मंडळ’ स्थापन झालं. अध्यक्ष मी.

ते गेल्यावर नीलाने विचारलं, यांना काय मिळणार यातून? काही माणसं चांगली असू शकतात यावर शिक्षकांचा विश्वास उरलेला नाही.

५ जानेवारी १९९७, रविवार

एकशे त्रेचाळीस सह्या. ज्यांनी शेकाट्यावरून मला हसून घेतलं त्यांनीही केल्या. सेक्रेटरींनी दोनदा केली.

मुख्य वाक्य मी स्वतः बांधलं, फक्त एक शब्द महिपतशेठनी सुचवला : ‘प्रभातफेरी व पक्षीनिरीक्षण यांकरिता विद्यमान बांधालगत मातीचा भराव टाकून अखंड पक्का मार्ग करण्यात यावा.’ त्यांचा शब्द ‘अखंड’. चांगला आहे. वजन येतं.

७ जानेवारी, मंगळवार

भागीरथीबाईंकडे अर्ज घेऊन गेलो. नवे बूट होते, म्हणून कोळीवाड्यातच थांबलो. त्यांना सही येत नाही, अंगठा चालेल म्हटलं. म्हणाल्या, आधी वाचा. वाचला. डोळे मिटून ऐकला. मग म्हणाल्या, बांधाचा तोंड तुमी बंद करताव काय?

मी समजावलं, तोंड बंद नाही, वाट सलग होणार. त्या म्हणाल्या, तेच ते. पानी कुठून येल? पानी नाय तर निवटी नाय, आन निवटी नाय तर तुमची पाखरा कशाला येतील? तिथे मोरी टाकायला सांगा. मोठी. माणूस वाकून जाईल एवढी. तेवढं लिहा, मग अंगठा देते.

मुद्दा बरोबर आहे. लिहितो म्हटलं.

पण आता अर्ज पक्का टाइप झालाय. मधे ओळ घुसवली तर खाडाखोड दिसते, आणि सह्या परत घ्याव्या लागतात. महिपतशेठना फोन केला. म्हणाले, अहो मोरी हा तांत्रिक भाग, इंजिनिअर बघतील. तुम्ही पुरवणी अर्ज द्या ना नंतर. तेही खरं. पुरवणी अर्ज करायचा.

११ जानेवारी, शनिवार

अर्ज दिला. बाजारात भागीरथीबाई भेटल्या. मोरीचं लिवला? मी म्हटलं, लिहिलं. म्हणजे लिहिल्यासारखंच आहे, मनात मजकूर पूर्ण तयार आहे. त्यांनी खूष होऊन वाटाभर कोळंबी बांधून दिली. नको म्हटलं, ऐकलं नाही.

नीलाने कोळंबी साफ करताना विचारलं, मोरीचं लिहिलंत? सगळ्यांना एकच विषय. वैतागून म्हटलं, लिहितोय.

२६ जानेवारी, रविवार

माझ्या आयुष्यातला मोठा दिवस.

बांधाच्या सुरुवातीला मांडव. झेंडावंदन, मग नारळ. महिपतशेठनी मला शाल घातली आणि माइकवर सांगितलं की हे उद्यान शेजवळसाहेबांचं स्वप्न आहे, मी फक्त हमाल. मी पस्तीस मिनिटं बोललो. सात-आठ ट्रक माती घेऊन उभे होते, ड्रायव्हरही ऐकत होते. शेवटी एकाने हॉर्न वाजवला, तेव्हा आटोपतं घेतलं.

मागे कोळीवाड्यातल्या बायका उभ्या होत्या. भागीरथीबाईंनी लांबूनच हाताने गोल करून दाखवला. मोरी? मी मान हलवली. मान हलवण्याचे दोन-तीन अर्थ होतात.

पक्षी : एकही नाही. लाउडस्पीकरमुळे.

९ फेब्रुवारी, रविवार

मार्ग झपाट्याने होतोय. बूट खराब न होता चारशे पावलं चाललो. धूळ आहे, पण धूळ झटकता येते. पक्षी थोडे कमी. ट्रक थांबले की येतील.

पुरवणी अर्जाचा कच्चा मसुदा सुरू. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ पर्यंत झाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज ट्रक बांधाच्या तोंडाशी होते. मोरीचे पाइप कुठे दिसले नाहीत. मुकादमाला विचारलं. त्याने नकाशा दाखवला, त्यात मोरी नाही. म्हणाला, अखंड लिहिलंय ना साहेब. महिपतशेठना फोन केला, ते साइटवर. परत केला, ते मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा, बाहेरगावी.

मुकादमाला म्हटलं, दोन दिवस थांबा, मी पुरवणी अर्ज आणतो. तो म्हणाला, आणा ना. आणि ट्रकला हाताने मागे ये, मागे ये केलं.

मी उभा होतो. माती पडताना पाणी आधी बाजूला झालं, मग गढूळ झालं. अर्ध्या तासात तिथून चालत पलीकडे जाता येत होतं. मुकादम म्हणाला, चला साहेब, पहिला मान तुमचा.

चाललो. सगळे बघत होते, नाही कसं म्हणणार?

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुरवणी अर्ज पूर्ण. महापालिकेत नेऊन दिला. तिथल्या कारकुनाने शिक्का मारला. शिक्का उत्तम उठला आहे.

१६ मार्च, रविवार

मार्ग पूर्ण! लांबी आठशे पावलं. सकाळी पंचवीस-तीस लोक चालायला येतात. मला ओळखतात, नमस्कार करतात. शुगर कमी आली, डॉक्टर खूष.

आतला चिखल वाळला. भेगा पडल्या आहेत, हात जाईल एवढ्या. मेलेल्या निवट्यांचा वास येतो, चालणारे नाकाला रुमाल लावतात. एकाने मला विचारलं, अध्यक्ष, वासाचं काही करा ना.

पक्षी : घारी दोन. कावळे पुष्कळ. बाकीचे थंडी सरल्यामुळे गेले असणार. भागीरथीबाईच म्हणाल्या होत्या, थंडी सरली की जातात.

३१ मार्च, सोमवार

यादी मोजली. तेवीस. त्यात कोंबडी धरली आहे.

१३ एप्रिल, रविवार

उद्या जयंती. खाली गाडी सजवत होते, मी पताका लावत होतो. जिन्यात भागीरथीबाई. पत्ता विचारत विचारत बाळकुमहून चालत आलेल्या. मोकळ्या हाताने आले म्हणून लाजत होत्या. नीलाने आत नेलं, जेवायला वाढलं.

म्हणाल्या, दोन महिने झाले, हातात एक निवटी नाय. बाजारात दुसरीकडची मासळी घेऊन विकायला बसते, पण तिथे आधीच बसणाऱ्या बायका जागा देत नाहीत. कोळीवाड्यातल्या पुरुषांनी महिपतशेठच्या माणसांना विचारलं तर ते म्हणाले, आता तिथे टॉवर येणार. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, तुमाना लिवता येतो. तुमी माझ्याबरोबर हापिसान चला. मोरीचा कागद तुमी दिलाय ना, तो दाखवू."

नीला ताट उचलता उचलता थांबली. मी म्हटलं, चला. बुधवारी जाऊ. आपण त्यांना उभं-आडवं घेऊ.

१६ एप्रिल, बुधवार

गेलो. कंपनीतून हाफ डे. भागीरथीबाई धुवट लुगडं नेसून आलेल्या, केसात अबोलीचा गजरा. दोन तास बाकावर बसलो. मी रस्ताभर त्यांना सांगत होतो, कायदा काय, नागरिकांचे हक्क काय, मी कसा बोलणार.

साहेब तरुण होते, सभ्य. फाइल काढली आणि आमच्यापुढे फिरवली. वरच पहिलं पान. एकशे त्रेचाळीस सह्या. पहिली सही माझी. साहेबांनी बोट ठेवून वाचलं, स्थानिक पक्षीमित्रांच्या मागणीनुसार अखंड मार्ग. म्हणाले, पाणी येणं बंद झालं आणि जागा कोरडी पडली. आता ती पाणथळ राहिली नाही, नियमाने तिथे बांधकाम होऊ शकतं. मी पुरवणी अर्जाबद्दल विचारलं. त्यांनी शोधला. सापडला. तारीख बघितली. म्हणाले, तोपर्यंत तोंड बुजवून झालं होतं की.

भागीरथीबाईंनी विचारलं, काय बोलतान?

मी म्हटलं, निर्णय वरून झालाय.

त्यांनी पानाकडे बघितलं. एवढ्या सह्या कोणाच्या? मी म्हटलं, लोकांच्या. आणि ही पयली, मोठी? अध्यक्षांची, म्हटलं. कोण अध्यक्ष?

मी म्हटलं, आहेत एक.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. फाइल बंद केली. भागीरथीबाईंनी त्यांना नमस्कार केला. बसस्टॉपवर मला म्हणाल्या, तुमी आलाव, लय झाला. माझ्यासंगती कोन आला असता?

घरी आलो. नीलाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. ती म्हणाली, त्यांना सांगितलंत? मी म्हटलं, योग्य वेळी.

मग ती जे म्हणाली ते लिहीत नाही.

२० एप्रिल, रविवार

सांगायला गेलो. माजिवड्यापर्यंत.

२७ एप्रिल, रविवार

सांगायला गेलो. कोळीवाड्याच्या तोंडापर्यंत. ऊन फार होतं.

११ मे, रविवार

भरावाच्या सुरुवातीला मोठा बोर्ड लागलाय. ‘नियोजित पक्षी उद्यान व निवासी संकुल’. वर एक पक्षी रंगवलाय. लांब लाल पाय. उद्यान म्हणजे बोर्डवर हिरव्या रंगाचा एक चौकोन आहे. महिपतशेठ आज भेटले, खांद्यावर हात टाकला, म्हणाले, तुमच्यासाठी एक फ्लॅट बघू हं. मी म्हटलं, नको. फार कडक आवाजात म्हणणार होतो. मधे ट्रक गेला, त्यांना ऐकू आलं नाही. परत म्हटलं नाही.

२२ मे, गुरुवार. बुद्धपौर्णिमा

सकाळी विहारात वंदना. पाचही शीलं म्हटली. चौथ्या शीलाला, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याच्या, आवाज लागला नाही. नीलाने पुढे म्हटलं.

दुपारी एकटाच खाडीवर गेलो. चालत. पौर्णिमेचं उधाण होतं. पाणी तिवरांमधून वर आलं, मार्गाच्या मातीला टेकलं आणि थांबलं. वीतभर खाली. इकडच्या बाजूला पाणी, तिकडच्या बाजूला भेगा, मध्ये मी. जुन्या तोंडाच्या जागी पाणी जरा वेळ गोल गोल फिरत होतं. आत जायची जागा शोधत असल्यासारखं. मग उतरायला लागलं.

एक जण धावत आला, थांबला, म्हणाला, काका, मस्त झालंय ना? मी म्हटलं, हो.

१ जून, रविवार

आज गेलो. दारापर्यंत. आतपर्यंत.

भागीरथीबाई ओटीवर सुकट निवडत होत्या. भिवंडीच्या बाजारातून आणलेली, विकायला. मी काय बोलायचं ते तीन मुद्द्यांत पाठ केलं होतं. पहिला मुद्दा सुरू केला. भागीरथीबाई, तो अर्ज...

म्हणाल्या, "ठाव हाय."

मी विचारलं, कधीपासून?

"हापिसानच. तुमचा तोंड बघला ना."

मी म्हटलं, मग तेव्हाच का बोलला नाहीत? बसस्टॉपवर तर मला उलट... त्या म्हणाल्या, बोलून पानी आला असता काय? आणि तुमी भर उन्हात माझ्यासंगती आलेलाव, दोन तास बसलेलाव. ते पन खराच होता ना.

मला रडू आलं. त्यांनी आतून पाणी आणून दिलं. पाणी पिऊन मी सांगायला लागलो. अपील करू. पेपरात पत्र देतो, चांगलं खरमरीत. मंत्रालयात माझ्या मावसभावाची ओळख आहे. नाहीतर मी त्या बोर्डाखाली उपोषणाला बसतो. कोळीवाड्याच्या सगळ्यांच्या सह्या घेऊ, मी अर्ज लिहितो, यावेळी...

त्यांनी सुकटीचं सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात जोडले. रागाने नव्हे. लहान मुलाला समजावतात तसं.

"मास्तर, तुमी आता काय पन करू नका."

त्यांनी सूप परत उचललं. त्या सुकट निवडत राहिल्या. मग नमस्कार करून निघालो.

८ जून, रविवार

काही केलं नाही. सांगितल्याप्रमाणे.